डावा गाल

जानेवारीतल्या एका रविवारी माझी मुलगी घरी आली. ती दिंडोरीच्या वाटेवर एका खेड्यात बालवाडी चालवते. द्राक्षमळ्यांत कामाला आलेल्या मजुरांची पोरं तिच्याकडे असतात. बहुतेक सुरगाण्याकडची. छाटणीला येतात आणि होळीला परत जातात. चहा पिता पिता तिने तिच्याकडच्या एका मुलीबद्दल सांगितलं. वय साडेचार. उजव्या डोळ्याभोवती जन्मापासून जांभळट डाग. ती मुलगी सदान्‌कदा त्याच्यावर तळहात ठेवून बसते आणि एका हाताने जेवते, एका हाताने खेळते.

"काल तिने फळ्याचा खडू उचलला आणि डागावर घासला," मुलगी म्हणाली. "पांढरा करायला. कातडी लाल होईपर्यंत घासला, अण्णा."

मी बशीत आणखी थोडा चहा ओतला.

"तिची आजी म्हणते, सुनेने पोटुशी असताना ग्रहणात विळा धरला, म्हणून झालं. ती आईसुद्धा मान खाली घालून ऐकते."

मी चहाचा कप खाली ठेवला.

मुलगी बालवाडीसाठी स्वतः चित्रांची पुस्तकं करते. जाड कार्डाची पानं, सुतळीने शिवलेली, पानावर एखादी ओळ. एका कानाच्या कुत्र्याचं पुस्तक पोरांचं फार लाडकं होतं. पण डागवाल्या मुलीने ते ऐकून विचारलं होतं, हे खरं हाय का? खरं नाही म्हटल्यावर तिने पुस्तक मिटून टाकलं. म्हणून आता माझ्या मुलीला खऱ्या फोटोंचं पुस्तक करायचं होतं. तिचं स्वतःचं. चार वर्षांची असताना ती कशी दिसत होती, दोन वेण्या घालत होती तेव्हा कशी, आणि आता कशी. कारण माझ्या मुलीच्याही डाव्या गालावर जन्मापासून डाग आहे.

कप विसळता विसळता तिने विचारलं, "माझा लहानपणीचा एक तरी फोटो असेल ना, तुमची पेन्सिल न लागलेला?"

"घरातले सगळे निगेटिव्ह पुरात गेले," मी म्हणालो. "तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी विचारलं."

तिने कप पालथे घातले आणि ती गेली. निगेटिव्ह पुरात गेलेले नव्हते. माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत, तिच्या आईच्या शालीखाली, बिस्किटांच्या डब्यात ते होते. नदीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा मी गिऱ्हाइकांचं सगळं सोडून पहिला तो डबा उचलला होता. आणि नंतर सगळ्यांना सांगत आलो की गेलं, सगळंच गेलं.

नाशिकच्या जुन्या गावात, घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मध्ये जाड काळा पडदा, पडद्यामागे डार्करूम आणि तिला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. त्या काळात फोटो काढणं हे अर्धंच काम असे. उरलेलं अर्धं रिटचिंग. खिडकीपाशी उतरत्या काचेचं डेस्क होतं, त्याच्याखाली आरसा, आरशावरून उजेड वर येई. काचेवर निगेटिव्ह ठेवायचा, त्यावर पेन्सिल धरावी म्हणून औषधाचा हलका हात फिरवायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने चेहरा दुरुस्त करायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. माणसाच्या गालावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो, काचेसारखा. तो स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघांनी भरत जायचं, आजूबाजूच्या गालाइतका दाट होईपर्यंत. प्रिंट काढली की डाग नाहीसा. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, भाजल्याच्या खुणा, सगळं मी भरून काढत असे. मुलगी दाखवायचे फोटो काढायला लोक सटाण्याहून, दिंडोरीहून माझ्याकडे येत. या माणसाच्या हाताला गुण आहे, म्हणत. मला ते ऐकायला आवडे.

आमची ही सटाण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्यात अहिराणी होती. माझ्या आईने चिडवून चिडवून ती घालवली, पण फार राग आला किंवा फार माया आली की ती भाषा परत येई. ही पाच महिन्यांची गरोदर असताना सूर्यग्रहण आलं. आईने चार दिवस आधीपासून बजावलं होतं की ग्रहणात पोटुशीने चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. बाळाला खोड राहते.

ग्रहणाच्या दिवशी गल्लीतली पोरं दुकानासमोर जमली. पूर्ण काळी पडलेली फिल्म डोळ्यांवर धरून ग्रहण बघायची तेव्हा पद्धत होती. डोळ्यांना ते धोक्याचं असतं हे पुढे कळलं. काळी फिल्म माझ्याकडे भरपूर होती. मी तुकडे करून वाटत होतो. पण पोरं ऐकेनात. याला मोठा हवा, त्याला बहिणीसाठी आणखी एक हवा. माझे हात पुरेनात. मी पडद्याआड फिल्मची अख्खी पट्टी आणि कात्री सरकवली आणि म्हणालो, "एवढे तुकडे करून दे गं पटकन."

आतून ती म्हणाली, "अहो, ग्रहण लागलंय. सासूबाईंनी सांगितलंय, चिरायचं नाही."

"चिरायचं नाही म्हणजे भाजी. ही काय भाजी आहे?"

ती हसली. "मग फोडणीला कशाची घालू?" म्हणाली आणि तिने कात्री चालवली. ते हसणं आणि तो कात्रीचा आवाज मला आजही वेगवेगळा ऐकू येतो. थोड्या वेळाने 'दे दान, सुटे गिरान' ओरडत माणसं गल्लीतून जायला लागली. आई जपमाळ ठेवून उठली, मागच्या खोलीतून आली, आणि तिने सुनेच्या हातात कात्री पाहिली. तेव्हा ती काही बोलली नाही.

बोलली ती चार महिन्यांनी, बाळंतिणीच्या खाटेपाशी. बाळाच्या डाव्या गालावर डोळ्याखालून जबड्यापर्यंत काळपट तपकिरी डाग होता. वर रुंद, खाली निमुळता, आणि कानाजवळ एक वेगळा ठिपका. डॉक्टर म्हणाले, जन्मखूण आहे, कातडीतला रंग एका जागी जास्त साठतो, यात कुणाचाही दोष नाही, मुलगी ठणठणीत आहे. आईने सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "दोष कसा नाही? कात्री मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

ही माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी आता बोलेन, म्हणून बघत होती. एवढंच म्हणायचं होतं, की आई, कात्री मी दिली. मी उशाशी पडलेली दुपटी उचलली, एकेकाची नीट घडी केली आणि खोलीबाहेर गेलो.

परत आलो तेव्हा ती बाळाच्या गालावरून बोट फिरवत होती आणि म्हणत होती, "मन्ही पोर चांगली शे." माझी पोर चांगली आहे. मला ऐकवायला म्हणत नव्हती. बाळाला सांगत होती.

पुढे हे नातेवाइकांत पसरलं. कुणाच्या घरी डोहाळजेवण असलं की हिला बोलावणं यायचं, पण ओटी भरायला हिला कुणी पुढे करत नसे. ही मागे बायकांच्या चपला नीट लावत बसे, नाहीतर पानांवर मीठ वाढे. मी ते दोनदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी येताना ही रिक्षात गप्प असे आणि मी काहीतरी दुसराच विषय काढत असे. आई वारली, तेव्हाही मी बोललो नाही. मग वाटलं, आता कुणाला सांगायचं. ही सहा वर्षांपूर्वी गेली. तिने एकदाही मला विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. मी शिकलेला माणूस, रोज रसायनांत हात घालणारा. तरी डॉक्टरांवर माझा मनातून विश्वास बसला नव्हता. आईचंच खरं असेल, असं आत कुठेतरी वाटत होतं. म्हणजे तो डाग माझ्या कात्रीचा. मुलीच्या फोटोवर पेन्सिल फिरवायचो तेव्हा मी तिचा चेहरा दुरुस्त करतोय असं स्वतःला सांगायचो. खरं तर मी माझं काम लपवत होतो.

पहिल्या वाढदिवसाच्या फोटोच्या वेळी ही म्हणाली होती, "हा एक असाच राहू द्या की."

"तिच्याच भल्याचं आहे."

"तिचं भलं तिला कळू लागलं म्हणजे ती सांगेल," ही म्हणाली. मी तोवर पेन्सिलीला टोक करायला घेतलं होतं.

मुलगी पाच वर्षांची असताना शाळेत घालण्यासाठी तिचा फोटो काढला. मी खिडकीपाशी बसून काम करत होतो आणि ती डेस्कच्या कडेला हनुवटी टेकून बघत होती. तिला ते सगळं समजत होतं, माझ्याच ते लक्षात आलं नव्हतं. प्रिंट वाळल्यावर तिने ती हातात घेतली, बराच वेळ बघितली, आणि गाल माझ्यासमोर धरून म्हणाली, "आता इथे लावा ना पेन्सिल."

मी हसलो. म्हणजे हसण्यावारी नेलं. "ही कागदाची पेन्सिल आहे, वेडे."

दुपारी तिची आई तिला मोरीत बसवून खोबरेल तेलाने तिचा गाल पुसत होती. पोरीने डेस्कवरची पेन्सिल घेऊन स्वतःच डाग भरायचा प्रयत्न केला होता. टोक सुईसारखं असतं. दोन ठिकाणी रक्त आलं होतं. हिने माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही.

मुलगी लग्नाच्या वयात आली तेव्हाही मी शहाणा झालो नव्हतो. फोटो पाठवला, तो पसंत पडला, मंडळी आली. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांची नजर तिच्या गालावर गेली, मग माझ्याकडे वळली. मुलाचे काका वयस्कर होते, सभ्य होते. बाहेर पडताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "डागाचं आम्हाला काही नव्हतं हो," ते म्हणाले. "पण फोटोत एवढं लपवलंत, तर आणखी काय लपवलं असेल, असं घरच्यांच्या मनात येणार." आत मुलगी ताटल्या उचलत होती. तिने ते ऐकलं होतं. संध्याकाळी ती म्हणाली, "यापुढे माझा फोटो कुणाला पाठवायचा नाही." पुढे तिने स्वतःच, बरोबर शिकवणाऱ्या एकाशी लग्न ठरवलं. त्याने तिला रोज उन्हात, उजेडात पाहिलेलं होतं. आणि तरी लग्नात मी फोटोग्राफरच्या कानाशी जाऊन म्हणालो होतो, "डावीकडून घेऊ नकोस."

तर असा मी माणूस. त्या रविवारनंतर तीन दिवस मी डब्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मुलीला फोन केला आणि म्हणालो, तुझं ते पुस्तक घेऊन ये.

ती आली. पुस्तकाचा कच्चा आराखडा तिने केला होता. पानावर फोटोची जागा चौकोनाने आखून रिकामी ठेवलेली, खाली मोठ्या अक्षरांत ओळ. 'ही बाई. बाई तेव्हा चार वर्षांच्या होत्या.' पुढच्या पानावर, 'बाईंना झाडावर चढता येत होतं.' मी सगळी पानं उलटली आणि विचारलं, "शेवटी काही लिहिलं नाहीस? मुलांनी यातून काय घ्यायचं ते?"

"तसं लिहिलं की पोरं पुस्तक पायाखाली घालतात," ती म्हणाली. "चित्र बघू द्यायचं आणि काय दिसतं विचारायचं. बस."

मग मी डबा टेबलावर ठेवला. तिने झाकण उघडलं. आत पाकिटं होती, प्रत्येकावर पेन्सिलीने माझ्या अक्षरात लिहिलेलं, 'डावा गाल'. ते रिटचिंगच्या कामाचं टिपण असे. गिऱ्हाइकाच्या पाकिटावर लिहायचो तसंच तिच्या पाकिटांवरही लिहिलेलं.

"पुरात गेले होते ना?" ती म्हणाली.

"नाही."

ती खुर्चीत बसली. मी टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस काढला. रिटचिंगची पेन्सिल निगेटिव्हच्या पृष्ठावर असते, आत नसते. टर्पेंटाइनचा बोळा हलका फिरवला की निघून येते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे डाग मी कधी पुसलाच नव्हता. नुसता झाकला होता, आणि उघडा करायला दोन मिनिटांचं काम होतं.

चार वर्षांच्या वयाचा निगेटिव्ह काचेवर ठेवला. मनगट टेबलावर टेकलं. बोळा फिरवताना कापूस राखाडी झाला. निगेटिव्हवर एक पारदर्शक जागा उघडी पडत गेली. वर रुंद, खाली निमुळती, आणि कानाजवळ ठिपका. तो ठिपका मी कधीच विसरलो नव्हतो. नेहमी शेवटी भरायचो.

मुलीने निगेटिव्ह खिडकीच्या काचेला धरला, मागे पांढरा कागद लावला, मोबाइलवर फोटो घेतला आणि रंग उलटे केले. माझ्या डार्करूमचं सगळं शास्त्र तिने अंगठ्याने उरकलं. स्क्रीनवर ती होती. पुढचे दोन दात किडलेले, फ्रॉकचा एक खांदा घसरलेला, आणि डावा गाल तिचा.

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग म्हणाली, "मी अशी दिसत होते."

मी तेव्हा ग्रहणाचं सांगितलं. पोरांची गर्दी, पडदा, फिल्मची पट्टी, भाजीवरून केलेला विनोद, दुपट्यांच्या घड्या, सगळं. संपल्यावर म्हणाली, "मी एकदा आईला विचारलं होतं. आजी नको म्हणाली असताना तू कशाला कापलंस? आई म्हणाली, पोरं दारात उभी होती, त्यांना सूर्य बघायचा होता."

"माझं नाव?"

"नाही घेतलं."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. ती खिडकीतून खाली बघत होती.

"एक वाक्य होतं, अण्णा."

"हो."

"आजी गेली त्यालाही किती वर्षं झाली. त्यानंतर तरी आईला म्हणायचं होतं."

"हो."

मला वाटलं ती उठून जाईल. तिने डब्यातलं दुसरं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "पुसा पुढचा," म्हणाली. आम्ही संध्याकाळपर्यंत अकरा निगेटिव्ह पुसले. जाताना तिने टेबलावरचे राखाडी बोळे गोळा केले आणि केराच्या डब्यात टाकले. मग म्हणाली, "होळीच्या आधी शेवटच्या दिवशी वाचणार आहे. तुम्ही या."

बालवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे ओटा. मागे द्राक्षबाग. त्या दिवशी बागेत ट्रॅक्टर उभाच होता, कारण मजूर सामान बांधत होते. रस्त्याच्या कडेला सुरगाण्याला जाणाऱ्या दोन जीपा लागल्या होत्या. टपावर भांडी, गोधड्या, एक कोंबड्यांची टोपली. आत सतरंजीवर पंधरा-सोळा पोरं बसली होती. मी मागे भिंतीशी खुर्चीवर बसलो. डागवाली मुलगी पहिल्याच रांगेत होती, उजवा तळहात डोळ्याशी.

माझ्या मुलीने पहिलं पान उघडून पोरांकडे फिरवलं. "काय दिसतं?"

"पोरगी."

"दात किडलेत."

"तोंड मळलंय तिचं."

"मळलं नाय," एक मुलगा म्हणाला. "बाईच्या गालावर हाय तसंच हाय. बाई, ती तुम्ही?"

"मीच."

डागवाली मुलगी उठली. हात न काढता पुस्तकापाशी गेली. दुसऱ्या हाताचं बोट तिने फोटोतल्या गालावर ठेवलं, मग माझ्या मुलीच्या गालावर. "ह्यो त्योच?"

"तोच."

"मोठा झाला."

"मी पण मोठी झाले ना. मग तो लहान कसा राहील?"

त्या छोट्या मुलीला ते पटलेलं दिसलं. ती तिथेच पुस्तकाला टेकून बसली. झाडाचं पान झालं, वेण्यांचं पान झालं. त्यानंतरचं पान मला माहीत नव्हतं. माझ्या मुलीने ते मला न सांगता घातलं होतं. शाळेत जातानाचा तो जुना फोटो, पेन्सिल फिरवलेला, तसाच. खाली ओळ होती, 'या फोटोत काय नाही?'

पोरांनी एका दमात ओळखलं. "डाग नाय."

"मधीच कुठं गेला?" त्या मुलीने विचारलं.

"माझ्या वडिलांनी फोटोतून काढला. ते बघा, मागे बसलेत."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. ती मुलगी सतरंजी ओलांडून माझ्यापर्यंत आली आणि माझ्या गुडघ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, तू काढला?"

"हो."

"कशानं?"

"पेन्सिलीनं."

"कशाला?"

"मला भीती वाटली."

"डागाची?"

"डागाची नाही. लोकांची."

"मंग बाई रडली?"

मी माझ्या मुलीकडे पाहिलं. "रडले," ती तिथूनच म्हणाली. "थोडीशी."

पुस्तकाचं शेवटचं पान रिकामं होतं. त्यावर प्रत्येक मुलाचा स्वतःचा फोटो चिकटवायचा आणि ती प्रत त्याने घरी न्यायची, असं ठरलं होतं. फोटो काढायचं काम माझं. मोबाइल हातात धरून मी ओट्यावर बसलो आणि एकेक पोर समोर येत गेलं. जन्मभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो, हनुवटी खाली, मान इकडे, थोडं त्या बाजूला वळा. त्या दिवशी मी कुणालाही काही सांगितलं नाही. ती मुलगी आली, हात होता तिथेच ठेवून. मी फोटो काढला आणि तिला दाखवला.

तिने स्क्रीन नाकाजवळ नेली. "हातच दिसतो."

"हो."

"दुसरा काढ."

तिने हात खाली घेतला. तो कुठे ठेवायचा हे तिला सुचेना, म्हणून फ्रॉकला पुसत राहिली. मी काढला. त्या फोटोत ती हसत नाही, माझ्याकडे नीट, थोडं संशयाने बघते आहे. डोळ्याभोवतीचा डाग जांभळा, कडेला फिकट, भुवईपाशी थोडा तुटलेला. माझी मुलगी आतून छोट्या प्रिंटरवर फोटो काढून देत होती. तिने तो शेवटच्या पानावर चिकटवला. त्या छोट्या मुलीने पुस्तक घेतलं आणि ती रस्त्याकडे निघाली. तिची आई ओट्यापाशी वाट बघत उभी होती. तिने ते पान बघितलं, मग आजूबाजूला पाहिलं आणि पदराने पुस्तक झाकायला गेली.

"झाकू नको गं," माझ्या तोंडून निघालं. ती थांबली. मग मी तिला सांगितलं. ग्रहणाने असं होत नाही. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, आणि तरी माझ्या बायकोने जन्मभर ते सोसलं, कारण कात्री मीच तिच्या हातात दिली आणि गप्प बसलो. हे सांगायला मला किती कमी वेळ लागला, याचं मलाच नवल वाटलं.

ती ऐकत होती. तिची पोर कमरेला बिलगली होती.

"मी एकली नव्हते शेतात," ती हळू म्हणाली. "नागली कापायला समदीच व्हतो. सासूच म्हणे, चल, आभाळ भरलंय."

"मग?"

"मंग काय. मी बोलून काय व्हतं?" तिने जीपकडे बोट केलं. "ती तिथं बसली हाय. तुम्ही म्हातारं माणूस. तुमचं ऐकंल. तिला सांगा."

मी माझ्या मुलीकडे बघितलं. ती दारात उभी होती, हातात उरलेली पुस्तकं. तिने मला हाक मारली नाही, की आधाराला आली नाही. मी चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला.

जीपच्या मागच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. माझ्याच वयाची असेल, किंवा चार वर्षांनी लहान. दाताला मशेरी लावत होती. मी दारापाशी उभा राहिलो. तिने बोट तोंडातून काढलं.

"काय पायजे, दादा?"

"आजी, मला थोडं बोलायचं होतं. माझ्या बायकोबद्दल."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहा पीत होता. म्हातारीने शेजारचं बोचकं उचलून मांडीवर घेतलं आणि मला बसायला जागा केली.